घाण्याचे तेल

निरर्थक श्रमाला आपण ‘घाण्याचा बैल’ म्हणतो. हा शब्द काढणाऱ्याने तेल मात्र आयतेच खाल्ले असावे! महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर वरकस जमिनीत नाचणी, वरी, मग कारळा असा फेर चाले. पुढे काही वर्षे जमीन विसावा घेई. कारळा तेल्याच्या लाकडी घाण्यात पडे. तेल माणसांना, पेंड गुरांना, गुरांचे शेण पुन्हा शेताला. पिढ्यान्पिढ्यांच्या या व्यवहाराला ‘सेंद्रिय’ हे भारदस्त नाव कुणी दिले नव्हते. १९३४ साली निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास घाणा सुधारण्याचा यत्न केला. परंतु गिरणीचे तेल स्वस्त पडे. आज बाटलीवर ‘लाकडी घाणा’ ही अक्षरे पाहून आम्ही पांढरपेशे चढे दाम मोजतो. आमचे आजे-पणजे मात्र प्रवासाला निघताना तेली आडवा आला की अपशकुन म्हणून माघारी फिरत, आणि तिन्हीसांजेला त्याच्याच तेलाने देवापुढची समई लावीत.