बर्लिनमधील मोजमाप

एखादा विद्यार्थी पीएच. डी. साठी परदेशी गेला असे ऐकले, की निरोपाच्या वेळी गळ्यात पडलेले हार आणि परतल्यावर नावामागे लागलेली ‘डॉक्टर’ ही पदवी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मधली दोन-तीन वर्षे कोणी पाहत नाही. मुलांनो, अशाच मधल्या दोन वर्षांची हकीकत मला तुम्हांला सांगावयाची आहे. मी स्वतः परदेशी कधी गेलो नाही. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. इरावती कर्वे यांची माझी ओळख झाली तीही त्यांच्या ललित निबंधांमुळे व ‘युगान्त’ या ग्रंथामुळे. या लेखिकेने तरुणपणी बर्लिनला बसून माणसांच्या कवट्या मोजल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले. कळल्यापासून मात्र ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

इरावतीबाईंचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. शिक्षण पुण्यामुंबईस झाले. एम. ए. झाल्यावर 1928 साली त्या जर्मनीस निघाल्या. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. सासऱ्यांना मात्र हे जाणे पसंत नव्हते; आणि हे सासरे म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे! याचे मला अजून नवल वाटते. प्रवासासाठी व शिक्षणासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले होते. म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची नाराजी आणि डोक्यावर कर्ज, एवढे ओझे घेऊन ही बावीस-तेवीस वर्षांची मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत शिकावयास गेली.

बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था 1927 साली निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक, आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. त्यांनी दिलेला विषय समजण्यास तुम्ही एकदा आरशापुढे उभे राहा. तुमच्या चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. एक भुवई किंचित वर असते, एक गाल किंचित भरलेला असतो. डोक्याच्या कवटीचेही तसेच आहे. फिशरसाहेबांची कल्पना अशी, की गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीत हा फरक अधिक असला पाहिजे. कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि म्हणून त्यांची बुद्धीही मोठी! ही कल्पना मोजमापाने पडताळून पाहावयाची होती. गुरूला कोणते उत्तर हवे आहे, हे शिष्येला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

त्यांनी 149 कवट्या मोजल्या. आकडा वाचावयास एक क्षण पुरतो. पण प्रत्येक कवटी हलक्या हाताने उचलावयाची, मापाचा चिमटा लावावयाचा, डावीकडचे अंतर घ्यावयाचे, उजवीकडचे घ्यावयाचे, दोन्ही आकडे लिहावयाचे, आणि मग पुढची कवटी. त्याआधीच्या काळात आफ्रिकेतील तेव्हाच्या जर्मन वसाहतींतूनही अशा कवट्या गोळा करून बर्लिनला नेल्या गेल्या होत्या. ती कोणाची तरी आई, कोणाचा तरी आजा. हे वाचताना मन खिन्न होते. शास्त्राच्या नावाखाली माणसे काय काय करतात!

येथे मला आमच्या शाळेतील एक प्रसंग आठवतो. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर होते. एकदा प्रयोगशाळेत पाणी उकळून तापमापकावरचा आकडा वहीत लिहावयाचा होता. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी तेथे 98 अंशांच्या सुमारास उकळते. पण पुस्तकात 100 होते, म्हणून साऱ्या वर्गाने तापमापकाकडे न पाहताच 100 लिहिले. एक मुलगी तेवढी हातात खोडरबर घेऊन थांबली होती. मी सहज डोकावलो, तेव्हा तिने हळूच विचारले, “सर, मला 98 दिसतात. खोडू का?”

“तुला काय दिसले?” मी विचारले.

“अठ्ठ्याण्णवच.”

“मग राहू दे,” मी म्हटले.

तिचा फार तर एक गुण गेला असता. इरावतीबाईंपुढे प्रश्न होता तो दोन वर्षांच्या श्रमांचा, कर्जाचा आणि पदवीचा. आणि ती पदवी गुरूंच्याच हाती होती. त्यांनीही आकडे खोडले नाहीत. कवटीच्या दोन बाजूंत फरक असतो, पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, असे त्यांनी आपल्या जर्मन प्रबंधात लिहून दिले. 2024 साली त्यांच्या नातीने एका संशोधकाच्या साहाय्याने त्यांचे चरित्र लिहिले आहे. या निष्कर्षाने फिशर रुष्ट झाले आणि त्यांनी अगदी खालची श्रेणी दिली, अशी हकीकत त्यावरून कळते. पदवी मात्र मिळाली.

पुढे 1933 साली जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. काही वंश श्रेष्ठ व काही नीच, हे त्या राजवटीचे धोरणच बनले. त्या धोरणापायी सुमारे 60 लाख ज्यूंचा संहार झाला. त्या काळी असे सांगणारे विद्वान ढिगाने होते. 149 कवट्यांचे आकडेही त्याच शहरात छापलेले पडून होते.

इरावतीबाई 1930 साली परतल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पुष्कळ वर्षे अध्यापन केले, देशभर हिंडून नातेसंबंधांचा अभ्यास केला, महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींच्या लोकांची मापे घेतली. 1968 साली ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1970 साली त्या वारल्या. हल्ली ‘युगान्त’ पुन्हा वाचावयास घेतले, की भीष्म, कुंती, कर्ण यांना बाई कशा समोर बसवितात आणि महाभारतात जे आहे तेवढेच कसे टिपतात, ते मी पाहत राहतो. आणि मधूनच त्या पानांआड मला चिमटा धरलेला एक हात दिसू लागतो.