अक्षराची हक्काची जागा

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ तक्त्यात १२८ जागा. त्यात कॅपिटल ‘ए’ला ६५. पण घरगुती संगणकांचे तक्ते वेगवेगळे. १९८१ च्या झेडएक्स ८१ वर तोच ‘ए’ ३८! एकाचा मजकूर दुसऱ्याला कळेना.

मराठी फॉन्टनीही इंग्रजीच्याच जागांवर आपली अक्षरे बसवली. आमच्या मंडळाचे जयंतीचे पत्रक छापखान्यातल्या संगणकावर उघडले, तर नुसती इंग्रजी चिन्हे. रात्र जागून पुन्हा टाइप केले.

युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. ‘भ’चा २३४९. बंधुभगिनींनो, मुलांना युनिकोडमध्येच लिहायला शिकवा. आपला इतिहास आपण लिहितो, तो नातवंडांना वाचता आला पाहिजे. जयभीम!