खिडकीतला दिवा

वाचकहो, परदेशी शिकणारी नातवंडे शनिवार-रविवारी करतात तरी काय, असा प्रश्न आपल्या मनात अनेकदा येत असेल. माझ्या अशाच एका शनिवार-रविवारची ही हकिकत. ती फ्रान्समधील ल्यों शहरात घडली. परंतु तिचे धागे आपल्या घरापर्यंत येतात.

ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या संगमावर ल्यों वसले आहे. १८५२ साली येथील फुर्व्हिएर टेकडीवर मेरीमातेची मूर्ती बसवायची होती. सोनला पूर येऊन मूर्तिकाराच्या कार्यशाळेत पाणी शिरले आणि सप्टेंबरातला समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ उठले. संध्याकाळी आभाळ निवळताच मात्र लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. तेव्हापासून दर ८ डिसेंबरला काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या ठेवून खिडक्या उजळतात. आता तर त्याभोवती काही रात्रींचा मोठा प्रकाशोत्सव भरतो.

एकाकी वृद्धांच्या सोबतीसाठी आर्मां मार्किझे यांनी १९४६ साली फ्रान्समध्ये एक संस्था स्थापन केली. 'भाकरीआधी फुले' हे तिचे ब्रीद. त्याच धर्तीच्या एका छोट्या मंडळाची मी स्वयंसेविका आहे. माझ्याकडे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई आहेत. त्या क्रुआ-रूस या रेशीम विणकरांच्या जुन्या वस्तीत राहतात. उंच माग मावावेत म्हणून तेथील घरांची छते उंच बांधलेली. त्यामुळे चौथा मजला म्हणजे पायऱ्यांचा डोंगरच, आणि लिफ्ट नाही. तीन वर्षांत बाईंनी उत्सव पाहिलेला नव्हता. शनिवारी दुपारी मी त्यांचे वाणसामान पोहोचवले. दोघींनी मिळून सात पेले धुऊन पुसले. "उद्या पाचला येते," असे सांगून मी निघाले.

ती रात्र मित्रमैत्रिणींची होती. तेरो चौकातील जुन्या इमारतींच्या भिंतींवर प्रकाशचित्रे संगीताच्या तालावर नाचत होती. हवेत भाजलेल्या चेस्टनटचा आणि मसालेदार गरम वाइनचा दरवळ होता. गर्दी इतकी, की वाट नेईल तिकडे जावे. पुढे एका मैत्रिणीच्या घरी नाचगाणी झाली आणि पहाटे तीनला मी अंथरुणावर पडले.

रविवारी उठले तेव्हा दुपार टळली होती. त्यातच गर्दीमुळे रस्ते बंद. पोहोचायला साडेसहा वाजले. बाई गळ्याला रुमाल बांधून, मांडीवर काड्यांची पेटी घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "समोरच्या खिडक्या पाचलाच लागल्या."

ओशाळून मी घाईने पेटी उचलू लागले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. मागल्या वर्षी मदतनीस बाईंनी "भाजून घ्याल" म्हणून पेटी काढून घेतली होती आणि खिडकी अंधारीच राहिली होती. त्यांचा हात थरथरत होता. दोन काड्या विझल्या. मी फक्त कोपराला आधार दिला. तिसरी काडी टिकली. सात दिव्यांना वीस मिनिटे लागली. खालून जाणाऱ्या एका लहान मुलाने वर पाहून हात हलवला, बाईंनीही हलवला.

मला साताऱ्याची आजी आठवली. शेवटच्या दिवाळीला घरी होते तेव्हा तिच्या हातातली पणती मीच काढून घेतली होती, काळजीपोटीच. ती काही न बोलता आत जाऊन बसली होती, हे मला ल्योंमध्ये उमगले.

म्हणून, घरच्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना विनंती. त्यांच्या हातून दिवा काढून घेण्याआधी तो सुरक्षित कसा करता येईल, ते पाहा. त्यांना खुर्चीत बसवा, पदर आणि शाल नीट खोचून द्या. पणती ताटात व पडद्यापासून दूर ठेवा, लांब दांड्याचा लाइटर द्या आणि शेजारी थांबा. घरात प्राणवायूचे यंत्र असेल तर ज्योत मुळीच नको. विजेची पणती आणा, पण तिची कळ त्यांनाच दाबू द्या.

आणि पाचला येतो म्हणालात, तर पाचला या.