सुटलेला न्यूट्रल

मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर माझ्या रूममेटने पहिला प्रश्न विचारला, "ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासणार?" प्रश्न रास्त होता. मी कॉन्व्हेंटची. निबंधाला 'माझा आवडता ऋतू' सोडून दुसरा विषय आला की मला घाम फुटायचा. पण ही गोष्ट मला इंग्रजीत कळलीच नव्हती, मराठीत कळली. म्हणून मराठीतच सांगते. चुका पदरात घ्याव्यात.

गेल्या टर्मची गोष्ट. संध्याकाळी लाईट जायची आणि हॉस्टेलचा जनरेटर धडधडायला लागायचा. एके दिवशी जनरेटर सुरू झाल्यावर आमच्या विंगमधले पंखे भन्नाट फिरायला लागले. समोरच्या विंगमध्ये मात्र पंख्याची पाती मोजून घ्यावीत इतके ते मंद. कुणीतरी म्हणालं, "आपली विंग व्हीआयपी!" आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी फट्‌कन आवाज झाला. रूममेटच्या चार्जरमधून धूर निघाला आणि त्याच्यासोबत लॅपटॉपही गेला. तिच्या बाबांनी तो पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला होता. त्यात तिचा अर्धा प्रोजेक्ट होता. ती रडली नाही, नुसती पलंगावर बसून राहिली. ते जास्त वाईट होतं.

वायरमनकाकांनी पॅनेल उघडलं. न्यूट्रलचा बोल्ट ढिला होऊन काळा पडला होता. मी बॅटरी धरून उभी होते. काका म्हणाले, "इलेक्ट्रिकलची ना तू? मग ऐक. तीन बैल एका खुंट्याला बांधलेत असं समज. तो खुंटा म्हणजे न्यूट्रल. खुंटा सुटला की ज्या बैलाचा जोर जास्त, त्याच्याकडे तो सरकणार. त्याचा दोर सैल पडतो, बाकीच्यांचा ताणतो."

समोरच्या विंगमध्ये चोरून आणलेल्या किटल्या आणि इस्त्र्या चालू होत्या. लोड तिकडे, म्हणून खुंटा तिकडे. त्यांना व्होल्टेज कमी, आम्हाला २३०च्या जागी तीनशेच्या वर. आणि मी? 'अनबॅलन्स्ड स्टार लोड'वर युनिट टेस्टमध्ये २० पैकी १७ मार्क मिळवलेली मी दोन दिवस त्या पंख्यांकडे बघून हसत होते. काका सहज म्हणाले, "पंखे कमीजास्त झाले तेव्हाच कुणी सांगायला पाहिजे होतं." त्यांना ठाऊक नव्हतं की ते 'कुणी' बॅटरी धरून समोरच उभं आहे.

त्या रात्री डोक्यात एकच पक्कं झालं : न्यूट्रल आणि अर्थिंग जितकं घट्ट तितकं चांगलं. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "पॉवर स्टेशनमधल्या मोठ्या जनरेटरचा न्यूट्रल कसा अर्थ करतात?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "सॉलिडली, सर!" सर हसले आणि त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

उत्तर मिळालं औष्णिक केंद्राच्या व्हिजिटमध्ये. २१० मेगावॅटचा संच, १५.७५ किलोव्होल्ट, पूर्ण लोडला नऊ हजारांवर अँपिअर. एवढ्या मोठ्या यंत्राचा न्यूट्रल एका छोट्या ट्रान्स्फॉर्मरमधून जमिनीकडे जातो आणि त्या ट्रान्स्फॉर्मरच्या सेकंडरीला रेझिस्टन्स असतो. एखादा फेज जमिनीला टेकला तरी फॉल्ट करंट दहाएक अँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही. मी विचारलं, "का?" तिथले इंजिनिअर म्हणाले, "वाइंडिंगचा बार जळला तर बदलता येतो. हजारो अँपिअर वाहिले तर कोअरचे पातळ पत्रे वितळून एकमेकांना चिकटतात. मग महिनोन्‌महिने संच बंद." इथे खुंटा आहेच, पण दोर मुद्दाम बारीक ठेवलेला. आमच्या ४१५ व्होल्टच्या जनरेटरला मात्र खुंटा घट्टच हवा. कारण तिथे न्यूट्रलवर खोल्या चालतात, आणि फॉल्ट झाला की फ्यूज उडण्याइतका करंट वाहायलाच हवा.

मग ट्रान्स्फॉर्मरचं कोडंही सुटलं. जनरेटरच्या बाजूला डेल्टा, २२० केव्ही लाईनच्या बाजूला स्टार. डेल्टाला जमिनीकडे जायला वाटच नाही. त्यामुळे बाहेर लाईनवर अर्थ फॉल्ट झाला तरी त्याचा जमिनीतून फिरणारा करंट जनरेटरपर्यंत पोचत नाही; बाहेरचं भांडण उंबऱ्याबाहेरच. थर्ड हार्मोनिक डेल्टाच्या आतल्या आत फिरतं. आणि स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर लाईन व्होल्टेजच्या ५८ टक्केच, म्हणजे २२० ऐवजी १२७ केव्ही येतं. न्यूट्रल पक्का अर्थ केला की त्या टोकाचं इन्सुलेशनही कमी चालतं.

परत आल्यावर हॉस्टेलमागच्या ट्रान्स्फॉर्मरची पाटी पहिल्यांदा नीट वाचली. डीवायएन ११ : अकरा केव्हीकडे डेल्टा, ४३३ व्होल्टकडे स्टार, न्यूट्रल बाहेर काढलेला, आणि सेकंडरी घड्याळातल्या अकराच्या काट्यासारखी ३० अंश पुढे. परीक्षेसाठी घोकलेली ती अक्षरं. तोच न्यूट्रल आमच्या खोलीपर्यंत येतो, हे मात्र मी कधी घोकलं नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पंखा विनाकारण जोरात फिरला, गिझरच्या नळाला मुंग्या आल्या, तर हसू नका. स्विच बंद करा आणि वायरमनकाकांना बोलवा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

मला पंख्यांचा अर्थ कळायला हवा होता, हे रूममेटला मी आजवर सांगितलं नव्हतं. लेख तपासायला दिला तेव्हा तिने तो शांतपणे वाचला. मी शेवटी लिहिलं होतं, 'ही माझी कबूली.' तिने लाल पेनाने 'कबुली' केलं. वही परत देत म्हणाली, "बू ऱ्हस्व असतो गं." मग थोडं थांबून, "पुढच्या वेळी मला तरी सांग."

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी