आत्याने सुचवायचं नाव

रेवदंडा, रात्री उशिरा

बारशाला भाचीच्या कानात नाव सांगायचा मान माझा. वहिनीची अट एकच: नाव दोन अक्षरी हवं. ते रास्तच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. एवढ्या लांब ओळीत पहिलं नाव सुटसुटीतच बरं.

इरा आणि मीरा मनात आहेतच. पण आपल्या किनाऱ्यावर नावांची श्रीमंती केवढी! बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून नवगावला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. अलिबागेत त्यांची इस्रायल आळी आहे. त्यांच्या परंपरेतली सारा, रूथ, हन्ना. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली जपणारे ख्रिस्ती राहतात; ख्रिस्ती घरांत हन्नाचीच अ‍ॅना होते. मुरुडच्या वाटेवर मुसलमान घरांत नूर भेटते.

मला सारा सर्वांत जवळची वाटते. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघेही तिला आपली मानतात आणि आमच्या आईलाही ती सहज हाकारता येईल. शेजाऱ्यांकडून आपण सणाचा फराळ आनंदाने घेतो, मग नाव का घेऊ नये? नोंदणीत नाव घालायला वर्षभर शुल्क नसतं, तरी मला थांबायचं नाही. सकाळी दादा-वहिनीला सांगणार: सारा.