डुप्लिकेट रफी आणि सोलापूरचं झिंगाट

‘ओरिजिनल आहे ना हो?’ असं मी विचारलं मात्र, चादरवाल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या सात पिढ्यांवर संशय घेतलाय.

‘पुण्याचे का तुम्ही?’ त्यांनी विचारलं. झालं! मी गुपचूप मान डोलावली. मग त्यांनी चादर उलटी करून दाखवली, हाताने दाबून दाखवली आणि बाहेरगावाहून येणाऱ्या, ‘सोलापुरी’ नावाने खपणाऱ्या हलक्या मालाचा पंधरा मिनिटं उद्धार केला. सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे. म्हणजे सोलापूरबाहेर विणलेल्या चादरीने ते नाव लावायचंच नाही. ‘डुप्लिकेट’ हा शब्द या गावात शिवीसारखा वापरतात.

गंमत अशी, की ज्या कामासाठी मी सोलापूरला आले होते त्यातली सगळ्यात मोठी व्यक्ती एक डुप्लिकेटच होती. माझा मामा.

मामा म्हणजे एके काळचा ‘व्हॉइस ऑफ मोहम्मद रफी’. रफीसाहेब १९८० च्या जुलैमध्ये गेले आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना रफीच्या आवाजाची पोरं हवी झाली. मामा तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला. दिवसा गिरणीत, रात्री स्टेजवर. गणपतीतले दहा दिवस तर घरी फक्त अंघोळीला यायचा, असं आजी सांगायची. पांढरा सूट, पांढरे बूट आणि हातात गाण्यांची डायरी. प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक रफी, एक किशोर, एक मुकेश आणि लताचं गाणारी एक ताई असायचीच. ‘अगदी सेम टु सेम’ ही सगळ्यात मोठी दाद.

आता कबुलीजबाब. मी नववीत असताना सुट्टीत सोलापूरला आले होते. कानात इअरफोन, डोक्यात एमटीव्ही. मामाने जेवणानंतर ‘चौदहवीं का चाँद’चं टायटल साँग म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी म्हणाले, ‘मामा, हे तर रफीचं आहे. यात तुझं काय?’ मामा हसला. पण त्यानंतर मी असताना तो कधी गायला नाही. दरवेळी घसा धरलेला! मी पुढे मास कम्युनिकेशन केलं, म्युझिकवर लिहायलाही लागले, रीमिक्सवाल्यांना नावं ठेवत ओरिजिनलची बाजू घेणारे लेख पाडले. ते वाक्य मात्र आत कुठेतरी टोचत राहिलं.

त्यामुळे मामेबहिणीच्या लग्नाला निघताना बॅगेत आहेराची पैठणी होती आणि डोक्यात एक जुना हिशेब.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. भिगवण गेलं की उजनीच्या पाण्याचा गार वारा खिडकीतून येतो आणि थोड्या वेळाने अंधारात जेऊर मागे पडतं. हे जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं, नागराज मंजुळेचं गाव. ‘सैराट’चं बरंचसं शूटिंग याच तालुक्यात झालं आणि आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे याच जिल्ह्यातली. २०१६ च्या एप्रिलमध्ये सिनेमा आला आणि ‘झिंगाट’ने अख्ख्या महाराष्ट्राला थिएटरात उभं राहून नाचायला लावलं. कव्हरचा वाद घालायला याच्यापेक्षा चांगलं गाणं कुठलं मिळणार?

कारण ‘झिंगाट’ नंतर हिंदीत गेलं. २०१८ च्या ‘धडक’मध्ये. संगीत तेच अजय-अतुलचं, आवाज त्यांचेच, बजेट जास्त. शब्द अमिताभ भट्टाचार्यचे, तोही काही लेचापेचा गीतकार नव्हे. तरीही, बॉस, मजा नाही आली! गोष्ट करमाळ्यातून उचलून उदयपूरला नेली, पोरांना महागडे कपडे घातले आणि गाण्यातली ती उसाच्या शेतातली उनाड, धुळीने माखलेली मस्ती पार इस्त्री होऊन आली. चाल तीच आणि माणसंही तीच असून गाणं फिकं पडू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग याच गाण्याचं दुसरं भाषांतर ऐकलं ते सोलापूर स्टेशनबाहेर, रिक्षात. चाल ‘झिंगाट’ची, शब्द कन्नड! ‘सैराट’चा कन्नड रीमेक ‘मनसु मल्लिगे’ २०१७ मध्ये आला आणि त्यातही हिरॉइन रिंकूच. मी रिक्षावाल्या दादांना विचारलं, ‘हे का लावलंय?’ ते म्हणाले, ‘अक्कलकोट साइडचे पाव्हणे बसले होते की आत्ता. पूर्वभागातली असली तर तेलुगू लावतो. तुम्हाला मराठी लावू का?’

सोलापूर हे असं आहे. विणकरांच्या पूर्वभागात तेलुगू, दक्षिणेकडे जाल तसं कन्नड, बाजारात दखनी आणि या सगळ्यांना बांधणारी ‘काय बे’वाली मराठी. एकाच घरात आजी एका भाषेत ओरडते आणि नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देतो. अशा गावात गाण्याला एकच भाषा चिकटवून ठेवणार कशी? त्या रिक्षात ते कन्नड ‘झिंगाट’ मला हिंदीपेक्षा दहापट आपलं वाटलं, एकही शब्द कळत नसताना. भीमेच्या अलीकडून पलीकडे गेलेलं गाणं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी हळदीआधी थोडा वेळ होता म्हणून मामीच्या भावासोबत मंगळवेढ्याला जाऊन आले. मालदांडी ज्वारीचं आणि संतांचं गाव. चोखोबा इथलेच. चौदाव्या शतकात इथलाच गावकूस बांधताना भिंत पडून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात, महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचा अबीर-गुलालाचा अभंग म्हटलं की माझ्या कानात पं. जितेंद्र अभिषेकींचाच आवाज येतो. तुमच्याही येत असेल. पण बघा हं, चोखोबांनी तो कुठल्या चालीत म्हटला असेल? ती चाल कुणाकडेच नाही. म्हणजे आपण ज्याला ओरिजिनल म्हणतो ते सहाशे वर्षांनंतरचं कव्हर आहे! वारीतल्या दिंड्या एकच अभंग वेगवेगळ्या चालींत म्हणतात आणि ‘मूळ कुठलं?’ म्हणून कुणी भांडत नाही.

मंगळवेढ्याकडचाच आणखी एक आवाज म्हणजे प्रल्हाद शिंदे. २००४ मध्ये ते गेले, पण आषाढीला पंढरपुरात पाऊल टाका, प्रत्येक कॅसेटच्या, आता पेनड्राइव्हच्या, दुकानातून तेच गात असतात. त्यांची गाणी पुढे आनंद आणि मिलिंद या मुलांनी म्हटली, आता नातू आदर्श म्हणतो. नातवाच्या गाण्याला कुणी डुप्लिकेट म्हणत नाही. मग माझ्या मामालाच का?

तसं बघितलं तर उसनी चाल हा मराठी माणसाचा जुनाच धंदा. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चक्क छापलेलं असायचं, ‘चाल : अमुक तमुक’. उसनं घेतलंय, कुणाकडून तेही सांगतोय, आता ऐका. कॅसेटच्या जमान्यात मात्र याचा बाजार झाला. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. कायद्यात फट होती, गाणं येऊन दोन वर्षं झाली की रॉयल्टी भरून त्याचं ‘व्हर्शन’ काढता यायचं. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली. पण याच बाजारातून ‘रफी की यादें’ गाणारा सोनू निगम नावाचा मुलगा वर आला, हेही खरं.

आणि परदेशातलं उदाहरण हवंच असेल तर ‘हर्ट’ ऐका. नाइन इंच नेल्सचं १९९४ चं गाणं. २००२ मध्ये जॉनी कॅशने सत्तरीत, आजारी शरीराने आणि थकलेल्या आवाजात ते म्हटलं. मूळ गाणं लिहिणारा ट्रेंट रेझ्नर नंतर म्हणाला, की ते आता आपलं राहिलं नाही. कॅशने रेझ्नरची नक्कल केली असती तर हे झालं असतं? अजिबात नाही. त्याच्याकडे त्या गाण्यात ओतायला अख्खं आयुष्य होतं, तेही संपत आलेलं. माझ्या मते कव्हर ओरिजिनलच्या पुढे जातं ते इथेच. सूर किती जुळले यावर नाही.

हळदीच्या रात्री गच्चीवर मंडळी जमली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. खाली गल्लीत उद्याच्या वरातीतले बँडवाले तालीम करत होते. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ताशा मिळून ‘झिंगाट’. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला गेले होते, तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्डिंग झालं. इथे ट्रम्पेट अर्धा सूर चढा लागत होता आणि ताशेवाला मध्येच तंबाखू मळायला थांबत होता. पण साठीची मामी पदर खोचून नाचत होती! स्पॉटिफायवर हे मिळत नाही, राव.

मग ऑर्केस्ट्रातले जुने दोघं आले. एकाने पेटी आणली होती. दुसरा, एके काळचा ‘मुकेश’, मामाला म्हणाला, ‘काय बे, डायरी आणलास का नाही?’

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हणाले, ‘मामा, चौदहवीं म्हण ना. माझ्यासाठी.’

‘अगं, घसा...’

‘घसा राहू दे.’

पेटीवाल्या काकांनी पट्टी दोन सूर खाली घेतली. मामाने डोळे मिटले. वरचा सूर त्याला आता लागत नाही, तिथे तो सरळ थांबला आणि खालून वळसा घेऊन पुढे गेला. रफीची ती मखमल नव्हती, आवाजाला खर होती. कॉलेजात असताना ज्या मुलीसाठी हे पहिल्यांदा म्हटलं होतं ती समोर पदर खोचून, घाम पुसत बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून उद्याची नवरी हळद सुकवत होती. शेवटच्या कडव्यात मामाचा आवाज फाटला. त्याने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही.

मी रेकॉर्ड करायचं विसरले. जर्नालिस्ट म्हणे!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामाने डायरी मिटली, कसनुसं हसला आणि ‘मुकेश’ला म्हणाला, ‘रफीसारखं नाही झालं रे आज.’

‘नाही झालं बे,’ मुकेशकाका चटणी चाटत म्हणाले. ‘परत म्हण.’