दुसऱ्याच्या नावाचा चाकू

स्वस्त वस्तूंविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. मी ज्या घरात वाढलो तिथे महाग वस्तू लग्नकार्यात यायच्या आणि मग जन्मभर कपाटात राहायच्या. रोजची कामे उरकली ती स्वस्त वस्तूंनीच. आठवडी बाजारात घेतलेला लाकडी मुठीचा एक चाकू आमच्याकडे कैक वर्षे होता. त्याचे पाते झिजून करंगळीएवढे झाले, पण आपण दुसरे कुणी आहोत असा आव त्याने कधी आणला नाही.

यंदा मी घेतलेला चाकू मात्र नेमका तसा आव आणणारा होता, आणि तो नकली आहे हे पुरते ठाऊक असूनच मी तो घेतला. घरच्या मंडळींना त्याचे आश्चर्य वाटले नाही. दोन हजार रुपयांत एवढी करमणूक होते म्हटल्यावर त्यांनी मला माफच केले.

ज्याची ही नक्कल, त्या घडीच्या चाकूचे नाव सेबेन्झा. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम'. दक्षिण आफ्रिकेतला क्रिस रीव्ह नावाचा कारागीर १९८९ साली अमेरिकेत गेला, आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात स्थिरावला, आणि तिथे त्याचा हा चाकू नावारूपाला आला. याची मूठ टायटॅनियमची. पाते उघडले की मुठीच्याच एका बाजूला कापून ठेवलेली पट्टी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकू देते. मग पाते चुकून बोटांवर मिटत नाही. ही युक्ती पुढे जगभरच्या चाकूंत गेली. अस्सल सेबेन्झाला चारशेहून अधिक डॉलर पडतात. एवढ्या पैशांत आमच्याकडे स्वयंपाकघराची सगळी भांडी येतील आणि वर एखादा पितळी बंबही.

माझा भाचा नोकरीनिमित्त बॉयसीलाच असतो. पहिल्या पगारातून त्याने अस्सल चाकू घेतला होता. रजेवर आला तेव्हा तो सामानातून घेऊन आला, आणि दोन्ही चाकू मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खरे सांगतो, हात लावीपर्यंत मला डावे-उजवे करता आले नाही. तोच राखी रंग, तेच वळण, पात्यावर तीच बारीक अक्षरे. आयडाहोत बनवल्याची ग्वाहीसुद्धा त्यात होती!

मग परीक्षा सुरू झाली. दिवाळीच्या आधीचा महिना चाकूला कामाची ददात नसते. रद्दीचे गठ्ठे सोडवले, सुंभ कापले, खोकी फाडली, आकाशकंदिलासाठी कामट्या सोलल्या. पहिले आठ दिवस माझा चाकू भाच्याच्या चाकूच्या खांद्याला खांदा लावून चालला. नवव्या-दहाव्या दिवशी तो खोक्यांवर अडखळू लागला, तर भाच्याचा अजून कागद सरळ चिरीत होता. माझ्याला धार लावली, ती चटकन बसली, आणि तो पुन्हा कामाला लागला. दोन हजारांत याहून अधिक मागणे मला बरे दिसले नसते.

"मामा, खरी गोष्ट आत आहे," भाचा म्हणाला आणि त्याने एक छोटा पाना काढला.

पाते ज्या स्क्रूभोवती फिरते, त्या स्क्रूवर सेबेन्झात एक लहानशी नळी असते. पाते आणि त्याच्या दोन अंगांचे ब्राँझचे वायसर यांची जाडी मिळून जी होईल, तिच्याहून नळीची लांबी अगदी किंचित जास्त, डोळ्याला दिसणार नाही इतकी. म्हणून स्क्रू जीव खाऊन आवळला तरी दाब नळीवर येतो आणि पाते मोकळे फिरते. भाच्याने आपला स्क्रू पुरता आवळला. पाते लोण्यातून फिरावे तसे फिरले. माझा आवळला, तर पाते जागचे हलेना. पाव फेरा सैल केला, तर ते डुगडुगू लागले. नक्कल करणाऱ्याने नळीही घातली होती. फक्त तिच्या मापासाठी जो वेळ द्यावा लागतो, तो त्याला कुणी दिला नव्हता.

"नाव खोटं आहे ना, मामा, मग दुसरं काय होणार?" भाचा म्हणाला.

मला हे पटले नाही. नावामुळे नळीचे माप चुकत नाही. उलट माझ्या मनात वेगळेच येत होते. पात्याचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा उतरला होता. मुठीच्या कडा हाताला बोचणार नाहीत अशा मारलेल्या होत्या. हे काम कुणाच्या तरी सवयीच्या हाताचे होते. हा हात कुणाचा?

आमच्या गल्लीत सायकलवर दगडाचे चाक बसवून फिरणारा धारवाला अजून येतो. त्याच्या हाती मी माझा चाकू दिला. त्याने अक्षरांकडे पाहिलेही नाही. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, उजेडात धार धरली आणि म्हणाला, "लोखंड मध्यम आहे, साहेब. पण घासणाऱ्याचा हात चांगला आहे. कुणी केलाय?"

मला उत्तर देता आले नाही. नकली वस्तूने गिऱ्हाइकाला फसवले असे आपण म्हणतो. मी तर फसलोच नव्हतो. रीव्हचे नाव चोरले, हा अन्याय खराच, आणि तो लहान नाही. पण आणखी एक माणूस यात लुबाडला गेला आहे, त्याची आठवण कुणी काढीत नाही. हा चाकू चांगला कापील तेव्हा लोक म्हणतील, "अगदी सेबेन्झासारखा!" डुगडुगेल तेव्हा म्हणतील, "नकलीच तो!" त्या हाताच्या वाट्याला शाबासकी यायची नाही आणि सुधारण्यासाठी तक्रारही यायची नाही. आमच्या बाजारातल्या चाकूवरही नाव नव्हते, पण तो करणारा लोहार पुढच्या बाजाराला त्याच जागी बसलेला असे. पाते वाकले तर त्याला चार शब्द सुनावता येत, आणि पुढचे पाते तो अधिक जपून करी.

धारवाल्याला मी जादा दहा रुपये दिले आणि पात्यावरची ती अक्षरे घासून काढायला सांगितली. आता तिथे एक पुसट चकाकी तेवढी आहे. चाकू रोज वापरात आहे, दर पंधरवड्याला धार मागतो. स्क्रू किती सैल ठेवायचा, हे माझ्या हाताला आता पाठ झाले आहे.